बत्ताशाची तीट

विमान खाली यायला लागलं तसा खिडकीतून आधी समुद्र दिसला, मग वाळूची पिवळी पट्टी, मग नारळाची झाडं आणि त्यांच्यामधून डोकी वर काढणाऱ्या गच्च्या. प्रत्येक गच्चीवर पाण्याची काळी टाकी आणि वाळत घातलेली लुंगी. शेजारून माझा नवरा विलास म्हणाला, "बघ, आली चेन्नई."

मी म्हटलं, "चेन्नई कुठं पळून जात नाही. तो खाली काय करत असेल ते सांगा."

'तो' म्हणजे बत्तासा, आमचा कुत्रा. आमच्या पायाखाली, विमानाच्या पोटात, जाळीच्या दाराच्या पेटीत बसून तो कोरियाहून आमच्याबरोबर निघाला होता. विलास मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत आहे. कंपनीनं काही वर्षं आम्हाला कोरियात ठेवलं आणि मग चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टै इथल्या कारखान्यावर बदली केली. हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी विलासला म्हटलं होतं, "हे गाव आहे की पाढा?" आम्ही मूळ कराडचे. म्हणजे लोकांच्या हिशेबानं आम्ही मायदेशी परतत होतो, परदेशी निघाला होता तो बत्तासा. पण खरं सांगायचं तर चेन्नई मीही कधी पाहिली नव्हती. तमिळचा एक शब्द येत नव्हता. तेव्हा परदेशी आम्ही तिघंही.

बत्तासा आम्हाला तिथल्या भाजीबाजारात सापडला होता. बर्फ पडत होतं आणि कोबीच्या टोपल्यांमागे हे पांढरंशुभ्र गोल पिल्लू कुडकुडत बसलं होतं. जत्रेतल्या बत्ताशासारखं दिसलं म्हणून बत्तासा. घरात आम्ही दोघंच, मूलबाळ नाही. दिवसभर मी त्याच्याशीच बोलायची आणि तेही मराठीत, त्यामुळे कोरियातला तो कुत्रा 'बस', 'गप', 'भात' आणि 'आलेच हं' एवढं मराठी पक्कं शिकला. कोरियन कुणी बोललं की मान तिरकी करून माझ्याकडे बघायचा, अर्थ विचारल्यासारखा.

निघायच्या दिवशी विमानतळावर त्याच्या पेटीभोवती बायापोरांचा घोळका जमला. "येप्पुदा, येप्पुदा!" (किती सुंदर!) असं जो तो म्हणायला लागला. एवढ्या लांबचा प्रवास आणि निघतानाच एवढ्या नजरा! पर्समध्ये आईनं एरंडेलावर घरी पाडलेल्या काजळाची पितळी डबी असते. मी डबी काढली, जाळीतून बोट घातलं आणि बत्ताशाच्या डाव्या डोळ्याच्या वर चांगली ठसठशीत तीट लावली.

"अगं, कुत्र्याला कसली दृष्ट?" विलास म्हणाला.

"तुम्हाला लागायची भीती नाही, म्हणून तुम्हाला कळायचं नाही. गप बसा," मी म्हटलं आणि विषय संपला. संपला असं मला वाटलं.

चेन्नईच्या विमानतळाबाहेर आलो आणि उकाड्यानं असा दणका दिला की मला क्षणभर श्वास घेणंच सुचेना. गर्दीत विलासच्या नावाची पाटी धरून एक गृहस्थ उभे होते. पांढरा शर्ट, कपाळावर भस्माचे पट्टे, खिशात तीन रंगांची पेनं. हे सेल्वम. परदेशातून आलेलं प्राणी-सामान सोडवून देणं हा त्यांचा धंदा, कंपनीनंच त्यांना नेमलं होतं. त्यांनी आमचे कागद पाहिले, मान हलवली आणि म्हणाले, "नो टेन्शन, मॅडम." पुढच्या काही तासांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की ते ऐकलं की मला हटकून टेन्शन यायला लागलं.

प्रवाशांच्या सामानासारखा कुत्रा पट्ट्यावरून फिरत येत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. मालाच्या गोदामाकडे जायचं, तिथं सरकारी पशुवैद्य त्याला तपासणार, कागदांशी ताडून बघणार आणि सही करणार. सही झाली की कुत्रा आपला. महिनाभर घराबाहेर काढायचा नाही, एवढीच अट. ऐकायला किती सोपं!

गोदाम म्हणजे भलीमोठी पत्र्याची शेड. खोकी, पिंपं, कापडाचे गठ्ठे, आणि त्यातून शिट्ट्या मारत फिरणाऱ्या हातगाड्या. कुठून तरी मोगऱ्याचा वास येत होता, तो फुलांच्या टोपल्यांचा निघाला, त्या म्हणे विमानानं आखाताकडे निघाल्या होत्या. बाजूच्या छोट्या कचेरीत पंख्याखाली डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, करड्या केसांत गजरा, नाकात दोन्ही बाजूंना चमकी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. सगळे त्यांना नुसतं 'मॅडम' म्हणत होते आणि म्हणताना आवाज खाली आणत होते. त्या इंग्रजीत बोलत होत्या, अधूनमधून तमिळ. माझं इंग्रजी कराडचं. पण भांडायला भाषा लागत नाही, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

"कागदावर लिहिलंय, पूर्ण पांढरा. अंगावर कुठेही डाग नाही," मॅडम म्हणाल्या.

"बरोबर लिहिलंय," मी म्हटलं.

"कुत्र्याच्या डाव्या डोळ्याभोवती काळा डाग आहे."

"शक्यच नाही. माझ्या कुत्र्याच्या अंगावर तिळाएवढाही डाग नाही."

"मी आत्ता पाहून आले."

"मग तुम्ही दुसऱ्याच कुणाचा तरी कुत्रा पाहिलात!"

सेल्वमनी कपाळावर हात मारून घेतला, थोडं भस्म खाली सांडलं. विलास मागून माझा पदर ओढत होता, पण माझं डोकं फिरलेलं होतं. इतक्या लांबून आणलेला माझा बत्तासा ह्यांनी हरवला की काय, की कुणाच्या भलत्याच कुत्र्याशी अदलाबदल केली? मी आवाज चढवला. म्हटलं, माझा कुत्रा मला ओळखता येत नाही का, डाग असलेला कुत्रा माझा नाहीच!

मॅडमनी शांतपणे पेनाला टोपण लावलं. "ठीक आहे. तुम्हीच म्हणता हा तुमचा नाही. कागदही म्हणतो हा तो नाही. ज्या विमानानं आला, त्याच कंपनीच्या संध्याकाळच्या विमानानं परत जाईल."

तेव्हा कुठं मी भानावर आले. परत जाईल म्हणजे कुठं जाईल? घराच्या किल्ल्या आम्ही देऊन आलो होतो. तिथं त्याला उतरवून घ्यायला कुणी नव्हतं, त्याचं नाव घेऊन हाक मारणारं कुणी नव्हतं. मराठी कळणारा एकटा कुत्रा परक्या गोदामात पेटीत बसून 'आलेच हं' ची वाट बघत राहणार. मघाचा सगळा आवाज कुठं गेला कोण जाणे. मी एवढंच म्हणू शकले, "मला बघू द्या त्याला. एकदा बघू द्या."

मॅडमनी मान हलवली आणि आम्ही त्यांच्या मागून शेडमध्ये गेलो.

कोपऱ्यात पेटी होती. मी दिसताच आतून शेपटीचा धबधब आवाज सुरू झाला. बत्तासाच होता! पण त्याचा डावा डोळा कुणी ठोसा मारल्यासारखा काळाठिक्कर झाला होता. भुवईपासून गालापर्यंत वाटोळा काळा डाग. मी खाली वाकले, बघितलं आणि तोंडावर हात गेला.

"आई गं! तीट!"

सगळ्या वाटेनं त्यानं तोंड जाळीवर, पंजांवर, पेटीच्या पत्र्यावर घासलं असणार. आईचं काजळ एरंडेलाचं, ते पसरत पसरत डोळाभर झालं होतं. आणि मी, ज्या बोटानं ते लावलं ते बोट नाचवत, तासभर मॅडमशी भांडत होते की माझ्या कुत्र्याला डागच नाही! विलासनं माझ्याकडे बघितलं. त्याचं ते बघणं मी अजून विसरले नाहीये.

आता हे समजावून कसं सांगायचं? 'तीट' ला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. मी पितळी डबी काढली. बोट काजळात बुडवलं, आपल्याच गालाला लावलं, मग बत्ताशाकडे बोट केलं, मग शेडमधल्या सगळ्या माणसांकडे हात फिरवून डोळे मोठे केले. मॅडमनी चष्मा वर सरकवला.

"दृष्टि पोट्टु?" (तीट?) त्या म्हणाल्या. मग आवाज चढला. "नाय्क्कु दृष्टि पोट्टा?" (कुत्र्याला तीट?)

शेडमधली माणसं हातगाड्या सोडून हसायला लागली. एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं गोदामाच्या टोकाला ओरडून सांगितलं, तिथूनही हसणं ऐकू आलं. सेल्वम हसून हसून खोक्यावर टेकले. मॅडमच्या ओठाचा फक्त एक कोपरा हलला.

"हसू आलं म्हणून सही होत नाही," त्या म्हणाल्या. "पुसून दाखवा. गेलं तर पोट्टु. नाही गेलं तर विमान."

एवढंच ना! मी रुमाल बाटलीतल्या पाण्यात भिजवला आणि लागले पुसायला. जोर लावून पुसलं. विलासनं दुसऱ्या बाजूनं धरलं. बत्तासा बिचारा डोळे मिटून सगळं सोसत होता. आणि हात बाजूला करून बघितलं तर काय, करायला गेले गणपती आणि झाला मारुती! काजळ पाण्यानं निघायच्या ऐवजी कपाळावर, नाकावर, कानापर्यंत पसरलं होतं. पांढऱ्या कुत्र्याचं अर्धं तोंड राखाडी. कागदावरचा फोटो आणि समोरचा कुत्रा आता सख्खे भाऊही वाटत नव्हते.

"डाग वाढला," मॅडम म्हणाल्या. "मी जेवून येते. तोवर काय करायचं ते करा."

सेल्वम आम्हाला रस्त्यापलीकडच्या खानावळीत घेऊन गेले. "नो टेन्शन, मॅडम. आधी खाऊन घ्या." कडुनिंबाखाली बाकडी, समोर केळीचं पान. खानावळीच्या अक्कांनी पानावर पाणी शिंपडून दिलं, मग इडल्या, त्याशेजारी लालभडक पोडि (डाळी-मिरचीची पूड), आणि पोडिच्या मध्ये खळगा करून त्यात तिळाच्या तेलाची धार. विलास मुकाट्यानं जेवायला लागला. संकटात सापडलेला पुरुष आधी जेवून घेतो, हा माझा जुना अनुभव आहे. "भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली गं आपली," तो पुटपुटला. मी त्याच्याकडे असं बघितलं की पुढची इडली त्यानं नुसतीच हातात धरून ठेवली.

मी पोडिच्या खळग्यात साचलेल्या तेलाकडे बघत होते. पिवळं, स्वच्छ तेल. बोट त्यात बुडवलं तर बोटावरचं मघाचं काजळ तेलात विरघळून पानावर उतरलं आणि बोट लख्ख झालं.

तुम्ही म्हणाल, ह्यात काय मोठंसं. अहो, जन्मभर मी डोळ्यांत काजळ घालते आणि रोज झोपताना तेलाच्या बोटानं काढते! काजळ पाण्यानं जात नाही, तेलानं जातं, हे आमच्याकडे परकरातल्या पोरीला ठाऊक असतं. आणि ते मला कधी आठवावं, तर कुत्र्याचं तोंड काळं करून झाल्यावर, इडलीच्या पानावर!

मी ताडकन उठले. अक्का धावत आल्या. "साप्पिडलैया?" (जेवत नाही?) त्यांना वाटलं इडली आवडली नाही. मी तेलाच्या भांड्याकडे बोट केलं, ओंजळ पुढं केली. त्यांनी पोडि वाढायला घेतली. "वेंडाम, वेंडाम!" (नको, नको!) सेल्वम मदतीला ओरडले आणि त्यांनी सगळी हकीकत सांगितली. अक्का कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर आत गेल्या, स्टीलचा पेला काठोकाठ तेलानं भरून आणला आणि माझ्या हातात देताना पेल्यालाच नमस्कार केला. मी पेला पदराखाली धरून रस्ता ओलांडला. एक लॉरी आमच्यासाठी थांबली.

मॅडम जेवून परत आल्या होत्या. त्यांची पहिली नजर पेल्यावर गेली.

"त्यात पोडि नाही ना? डोळ्याला लागेल त्याच्या."

तेव्हाच मला कळलं की ही बाई माझ्या बाजूची आहे. सही करणार नाही, पण बाजूची आहे. त्यांनी कपाटातून कापसाचं बंडल काढलं, माझ्यासमोर टाकलं आणि स्वतः बत्ताशाची मान धरून उभ्या राहिल्या. "इरु, इरु," (थांब, थांब) त्या म्हणत होत्या. मी म्हणत होते, "गप रे माझ्या राजा, गप." पहिला बोळा काळा निघाला. दुसरा काळा. मग करडा. दारात हळूहळू माणसं जमली, फुलांच्या टोपल्यांवाले आले, पिंपांवाले आले. पुढचा बोळा नुसताच पिवळा, तेलाचा. मग मॅडमनी स्वतःचा नॅपकिन काढला आणि डोळ्याभोवतीचं तेल हलकेच टिपून घेतलं.

पांढरा! तेलकट, चपटा, देवळातल्या मूर्तीसारखा माखलेला, पण पांढरा. तिळाएवढाही डाग नाही.

दारातून टाळ्या पडल्या. मी सांगते, लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता. विलास शेजारीच उभा होता आणि हे मी त्याच्यासमोरच बोलून दाखवलं. तोही हसला, कारण त्याचे डोळे माझ्याआधी भरले होते. बत्ताशानं आधी पेला चाटला, मग मॅडमचा हात चाटला आणि मग एक जोरदार शिंक दिली. मॅडमनी कागद फोटोसकट पुन्हा एकदा ताडून पाहिला, आणि सही केली. झोकात केली.

"पुढच्या वेळी तळपायाला लावा," पेन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या. "आमच्याकडे बाळाला बाहेर नेताना तिथंच लावतात. दिसत नाही, आणि काम करतं."

"आमच्याकडेही लावतात," मी म्हटलं. "घाईत विसरले."

बाहेर आलो. पेटीचं दार उघडलं, गळ्याला पट्टा बांधला. बत्तासा चेन्नईच्या उन्हात उतरला, अंग झाडलं, नाक वर करून सगळ्या शहराचा एकदम वास घेतला आणि गोदामाच्या फाटकाच्या खांबापाशी जाऊन तंगडी वर केली. बराच वेळ केली. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं. सेल्वम म्हणाले, "नो टेन्शन, मॅडम." त्या वेळी मात्र खरंच नव्हतं.

मैलापूरला आमचं घर ठरलं होतं, व्हॅननं तिकडे निघालो. वाटेत बत्ताशाचं तेलकट तोंड खिडकीबाहेर आणि रस्त्याची सगळी धूळ त्या तोंडावर. फुलबाजार, भांड्यांची दुकानं, भिंती भरून रंगवलेले पुढाऱ्यांचे चेहरे, आणि मग वळणावर एकदम देवळाचं गोपूर उभं राहिलं, मजल्यामजल्यावर रंगीत देव आणि त्यांची वाहनं. आमची गल्ली तळ्याच्या मागच्या बाजूला. दारोदारी तांदळाच्या पिठाचा कोलम (रांगोळी). बत्ताशानं पहिल्याच कोलमावर पाय दिला आणि पिठाची चार पांढरी पावलं आमच्या जिन्यापर्यंत उमटवली. मी घाबरले, पहिल्याच दिवशी शेजाऱ्यांची बोलणी खावी लागणार. म्हणून मोठ्यानं दटावलं, "अरे माकडा, बघून चालता येत नाही? बस तिथं! गप!"

शेजारच्या ओट्यावरून आवाज आला. "काय ओ, कुत्र्याकडे मराठी बोलतां?"

मी वळून बघितलं. काळीसावळी, ताठ, वयस्कर बाई, हातात कोलमाचं भांडं. ह्या रुक्माक्का. तंजावरच्या मराठी घराण्यातल्या, तिकडं मराठ्यांचं राज्य होतं तेव्हापासून पूर्वज तिथलेच. त्यांचं मराठी माझ्या पणजीच्याही आधीचं, आणि चाल तमिळ, प्रत्येक वाक्य शेवटी वर चढणारं. मी म्हटलं, "अय्या, तुम्ही मराठी?"

"मग? आम्ही मराठीच. पण आम्हांकडे बोलणार कोण? नातवंडांस हाक मारली कीं 'एन्न पाट्टी?' (काय आजी?) म्हणतात. हें तुमचें कुत्रें तरी ऐकतें."

आणि बत्तासा खरंच त्यांच्यासमोर जाऊन बसला होता. 'बस' म्हटलं होतं ना मी! रुक्माक्कांनी मोडलेल्या कोलमाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "असूं दे," म्हणाल्या. "पीठ मुंग्यांसाठींच घालायचें, ह्यानं थोडें पायास नेलें."

महिनाभर बत्ताशाला घराबाहेर जायची बंदी. तेवढ्या दिवसांत रुक्माक्काच रोज जिना चढून यायला लागल्या. येताना डांगर पचडी आणायच्या (उडदाचं पीठ दह्यात कालवून वर फोडणी, आपल्या डांगराची तंजावरची बहीण). ती मला द्यायच्या आणि दहीभात त्याला. मग खुर्चीत बसून त्याच्याशी गप्पा. "उगा राहा" म्हटलं की गप्प बसायचं, हे तो आठवडाभरात शिकला. मी 'गप' म्हटलं तर एकदा ऐकायचा, त्यांनी 'उगा राहा' म्हटलं की लगेच. मला सांगायला लाज नाही, थोडा हेवा वाटला.

बंदी उठली त्या संध्याकाळी आम्ही चौघं समुद्रावर गेलो. बत्ताशानं बर्फ पाहिलं होतं, समुद्र नव्हता. आधी लाटेवर भुंकला, मग लाट अंगावर आली तेव्हा माझ्या मागे लपला, आणि तिसऱ्या लाटेला जो आत घुसला तो बाहेर यायलाच तयार होईना. फुगेवाले, सुंडल (नारळ घातलेले उकडलेले चणे) विकणारे, पतंगवाले सगळे बघत होते. "वेळ्ळै नाय! वेळ्ळै नाय!" (पांढरा कुत्रा!) पोरं ओरडत मागे धावत होती. रुक्माक्का पदर खोचून पाण्यात घोट्यापर्यंत उभ्या आणि मी ओल्या साडीत त्यांच्या शेजारी, हातात सुंडलचा कागद. कुणी विचारलं असतं की बाई, तुमचं गाव कोणतं, तर पटकन उत्तर आलं नसतं.

त्यानंतरची वर्षं बत्ताशानं चेन्नई जिंकली असंच म्हणायला हवं. इडलीवाला त्याच्यासाठी मोडकी इडली बाजूला ठेवायचा. एकदा विलासचा मित्र एन्नोरला कोळशाचं बंदर बघायला घेऊन गेला, तिथून बत्तासा कोळशाच्या भुकटीनं पुरता करडा होऊन आला. मी काही बोलायच्या आत विलास तेलाची बाटली घेऊन हजर!

आणि मग पुन्हा बदलीचं पत्र आलं. परत कोरिया. रडले, भांडले, शेवटी पेटी माळ्यावरून काढली. निघायच्या सकाळी रुक्माक्का आल्या. बत्ताशानं नेहमीप्रमाणे त्यांच्या मांडीवर पंजा ठेवला. त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला, मी पितळी डबी दिली. त्यांनी पंजा उलटा केला आणि तळव्याच्या मधोमध, बोटांच्या खळग्यात तीट लावली. "उगा राहा," म्हणाल्या, पण ते त्याला नव्हतं, स्वतःच्या डोळ्यांना होतं.

बाहेर नेतानाही तोच शिरस्ता, तीच कचेरी. पंख्याखाली त्याच मॅडम. केस आता पुरते पांढरे, गजरा तसाच. बत्तासा दारातून आत आला आणि त्या उभ्याच राहिल्या. "पोट्टु नाय!" (तीटवाला कुत्रा!) मग पुन्हा खुर्चीत बसल्या, चष्मा चढवला आणि कडक झाल्या. दात बघितले, कान बघितले, डोळ्यांच्या पापण्या उलटून बघितल्या. मग एकेक पंजा उचलायला लागल्या. मागचे दोन झाले. पुढचा उजवा झाला. पुढचा डावा उचलला, उलटा केला, आणि थांबल्या.

मी छताकडे बघितलं. विलास पंख्याकडे बघायला लागला.

मॅडमनी पंजा अलगद खाली ठेवला. कारकुनाला म्हणाल्या, "लिहा. पूर्ण पांढरा. अंगावर कुठेही डाग नाही." आणि अंगठ्याला लागलेलं काजळ रुमालाला पुसलं.

सही झाल्यावर त्यांनी बत्ताशाच्या डोक्यावर हात ठेवला. "पोयिट्टु वा," (जाऊन ये) म्हणाल्या. नुसतं 'जा' म्हणाल्या नाहीत. आमच्याकडेही म्हणत नाहीत. मला तमिळ अजून मोडकंच येतं आणि त्यांना मराठी एक अक्षर येत नाही, पण लहानपणी आम्हा दोघींच्या गालाला कुणी तरी काजळाचं बोट लावलं होतं. परक्या मुलखात माणूस कशावर निभावून जातं असं मला कुणी विचारलं, तर मी एवढंच सांगते.

विमान वर चढलं. खिडकीतून गच्च्या, काळ्या टाक्या, नारळ, वाळूची पट्टी आणि मग नुसता समुद्र. ह्या खेपेला विलासलाच राहवेना.

"तो खाली काय करत असेल गं?"

"पंजा चाटत असेल," मी म्हटलं. "सगळी तीट पुसून टाकली असेल एव्हाना."

"मग?"

"टाकू दे. तिचं काम झालं."